‘स्वतःच्या शब्दांत लिही’ म्हणजे नेमकं कसं?

मित्रमैत्रिणींनो, कॉलेजातून आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून इथं लिहायलेय.

मी चारठाण्याची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. आता परभणीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागची असाइनमेंट मी माझ्या इंग्रजीत लिहिली, तर सरांनी पानभर लाल गोल केले. “हे काय इंग्रजी झालं?” म्हणाले. म्हणून या वेळी पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली. आज सरांनी ती परत दिली. “हे तुझं नाही. स्वतःच्या शब्दांत लिही.”

मी उभी राहिले. “सर, माझ्या शब्दांत लिहिलं की चुकतं, पुस्तकातलं लिहिलं की कॉपी होते. मग लिहू कसं?”

शेजारून रेश्मा हळूच म्हणाली, “आमचं बी तसंच हाय, सर.”

सर म्हणाले, “बरं, मराठीत सांग.”

असाइनमेंटचा विषय होता, मुळं पाणी कशी ओढतात. ते मी फळ्यावर आकृती काढून सांगितलं. कुठंच अडखळले नाही.

“सगळं बरोबर आहे,” सर म्हणाले. “पण पेपर इंग्रजीत असतो. पुन्हा लिहून आण.”

मला रडू नाही आलं, लय राग आला. इंग्रजी शिकायला माझी ना नाही. पण चूक दाखवणारे सगळे भेटतात. वाचलेलं आपल्या इंग्रजीत मांडायचं कसं, हे शेजारी बसून कुणीच शिकवत नाही.

मराठी माध्यमातून पुढं गेलेल्यांनो, तुम्हाला हे कुणी शिकवलं? खरंच सांगा. सोमवारी मला ती असाइनमेंट द्यायचीय आणि पहिलंच वाक्य सुचत नाहीये.