माझ्यासाठी केलेली सीट

बाई फटफटीवर कशी बसते हे समजायला कॉलेजात जावं लागत नाही. रस्त्यावर उभं राहून पाहिलं तरी कळतं. दोन्ही पाय डावीकडे, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पदर आणि पिशवी. सत्तरच्या दशकात नागपुरातल्या आम्ही सगळ्या बाया अशाच बसत होतो. मी माझ्या नवऱ्याच्या मागे वर्षानुवर्षं अशीच बसले. तरी त्या माणसाला ते दिसलं नाही. पाठीला डोळे नसतात हे मान्य, पण गाडीवरून उतरल्यावर तरी पाहावं की नाही?

स्वभावानं तो वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. सरकारी कचेरीत कारकून, दारू नाही, पत्ते नाहीत. नाद एकच, ती फटफटी. साडेतीनशे सीसीची, कामठीच्या कुणा फौजी साहेबाकडून घेतलेली जुनी गाडी. रोज सकाळी तिला फडक्यानं पुसायचा, खाली वाकून इंजिनाला कान लावायचा. माझं डोकं दुखतंय हे मला दोनदा सांगावं लागायचं, गाडीचं दुखणं त्याला न सांगता ऐकू यायचं.

माझं माहेर काटोलच्या पुढे, नरखेड तालुक्यात. वडील गेलेले. भाऊ संत्र्याची बाग पाहायचा आणि आई त्याच्याजवळ असायची. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते. पण कान असे तिखट की विचारू नका. गावाच्या अलीकडे विहिरीजवळ रस्ता वळतो, तिथं आमची गाडी आली की ओसरीतून तिची हाक सुरू. "आली वं माही पोरगी! चहा मांड!" शेजारच्या मळ्यातला डिझेलचा पंप सुरू झाला तर ती फसायची नाही. दुसऱ्या कुणाची फटफटी गेली तरी फसायची नाही. आमचीच ओळखायची. मी उतरून तिच्याजवळ बसले की हातानं माझं तोंड चाचपायची आणि मग म्हणायची, "कंबर दुखते ना वं? पालथी पड." तिथंच ओसरीत मला पालथं पाडून कोमट तेल चोळायची.

कंबर दुखायची हे खरं होतं. धाकट्याच्या बाळंतपणापासून ती धरली ती धरलीच. त्यात एका अंगावर बसून, कमरेत पिळा पडलेला, खड्ड्याखड्ड्यांतून दोन-अडीच तास. एकदा काटोलला चहासाठी उतरले तर कंबर सरळच होईना. टपरीवरची माणसं पाहत राहिली आणि मी वाकलेलीच रडत उभी. नवऱ्याला खरंच वाईट वाटलं. त्याचा चेहरा मला आठवतो.

"थांब," तो म्हणाला, "तुझ्यासाठी मागची सीट अशी बनवतो का बंगल्यातल्या सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं पाहिजे."

तुझ्यासाठी. हा शब्द मी पुढे इतका ऐकला की शेवटी कान विटले.

कचेरीतल्या एका मित्रानं कुठून तरी एक विलायती मासिक आणलं. त्यात एका लांबलचक फटफटीवर एक गोरी मेम मागे बसलेली. पाठीला उंच टेका, दोन्ही बाजूंना हात ठेवायला गाद्या, चाकाच्या दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या. मेम पँट घालून, दोन्हीकडे पाय टाकून मजेत हसत होती. नवऱ्यानं ते चित्र माझ्यासमोर धरलं. "पाह्य, अस्सं करून टाकतो." मी पोह्यांना फोडणी देत होते. चित्र पाहिलं आणि म्हटलं, छान आहे. मला काय ठाऊक, हा माणूस मेमसकट चित्र उतरवायला निघाला आहे!

मग आमच्या अंगणात दर रविवारी जत्रा. दोघं-तिघं मित्र, उघडी पडलेली गाडी, आणि मी चहाच्या खेपा घालणारी. लकडगंजातल्या आरा मशीनवरून सागाची फळी आली. फळी ओली निघाली, ती वाळायला ठेवली. सोफे बनवणाऱ्याकडून स्प्रिंगा आल्या, काथ्या आला, वर फोम. रेक्झिन काळं की तपकिरी यावर एक अख्खा रविवार गेला. टेका किती उंच हवा हे ठरवायला प्रत्येक मित्र आळीपाळीनं बसून पाहायचा. दोन्हीकडे पाय टाकून, अर्थातच. मी दहा पावलांवर उभी होते, हातात कपबशा. मला कुणी म्हटलं नाही, वहिनी, जरा बसून पाहता का?

या सगळ्यात गाडी बंद आणि माझं माहेर बंद. महिने गेले.

एक दिवस भाऊ आला. संत्र्याचा ट्रक घेऊन नागपूरच्या बाजारात आला होता, तिथून तसाच घरी. पाणी प्यायला आणि खाली मान घालून म्हणाला, "ताई, आई आता माणसं विसरून राहिली. परवा मलेच विचारलं, तू कोण गा. तुहं नाव मात्र अजून घेते. एकदा येऊन जाय. मंग तिले काही समजणार नाही."

संध्याकाळी नवरा आल्याबरोबर सांगितलं, "मी उद्या एसटीनं जाते."

"एसटीनं? काहून? दारात गाडी असताना माही बायको एसटीत धक्के खात जाईल? तिथं लोक काय म्हणतील? बस्स, पंधरा दिवस थांब. तुझ्यासाठीच तं करून राहिलो ना बाप्पा!"

सासूनंही त्याचीच री ओढली. पोरगा इतका जीव टाकून करतो, अन् हिला दम निघत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! माझी आई तिकडे क्षणाक्षणानं पुसत चालली होती आणि हे लोक इकडे रेक्झिनला पितळेचे खिळे ठोकत होते. तरी मी थांबले, कारण त्या काळी नवरा नाही म्हणाला की बाई थांबायची. त्या थांबण्याची चीड मला अजून आहे, आणि मरेपर्यंत राहील.

शेवटी सीट झाली. गाडीला हार घातला, नारळ फोडला. दिसायला झकास होती, खोटं कशाला बोलू. मित्र बसून आले आणि म्हणाले, "मस्त झाली गा! झोप लागते!" मग नवरा माझ्याकडे वळला. "ये. तुझ्यासाठी केली."

मी नवी साडी नेसून, आईसाठी केलेल्या लाडवांचा डबा घेऊन तयारच होते. गेले, आणि गाडीजवळ उभी राहिले. पाय ठेवायचं पायदान काढून टाकलेलं, कारण तिथं पत्र्याची पेटी बसवलेली. डाव्या बाजूला हात टेकायची गादी, सागाच्या लाकडाची, घट्ट बोल्ट मारलेली. एका अंगावर बसायला जागाच नव्हती. चढायचं कुठून आणि पाय सोडायचे कुठं?

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो गाडीकडे पाहत होता. मित्र एकमेकांकडे पाहत होते. फोडलेल्या नारळाचं पाणी फरशीवरून ओघळत होतं. सात-आठ महिने चार शिकल्यासवरल्या पुरुषांनी घाम गाळला आणि बाई साडी नेसते हे एकाच्याही डोक्यात आलं नाही!

"दोन्हीकडे पाय टाकून बस ना," नवरा हळूच म्हणाला.

मी बसले. हो, बसले. आईकडे जायचं होतं मला. साडी पोटऱ्यांच्या वर गेली, ती एका हातानं ओढत बसले. तोच दारातून सासूचा आवाज आला, "उतर वं खाली! घराची अब्रू चौकात मांडता का?" मी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. वाटलं, तो म्हणेल, बसू दे, मीच बसवलं. तो खाली वाकून पेटीचे बोल्ट चाचपायला लागला. मी उतरले.

माझी आई जन्मभर कासोट्याचं नऊवारी लुगडं नेसली. ती खुशाल बसली असती त्या सीटवर, कुणी ब्र काढला नसता. मी शहरात आले, पाचवारी पातळ नेसायला लागले, सुधारले म्हणे.

रात्री जेवताना नवऱ्यानं तोड काढली. मी काटोल नाक्यापर्यंत रिक्षानं यायचं, तिथून शहर संपलं की दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि माहेरच्या विहिरीच्या अलीकडे उतरून पायी यायचं, म्हणजे कुणाला दिसणार नाही. हे तो अगदी गंभीरपणे सांगत होता. नाहीतर, म्हणाला, डाव्या गादीला बिजागरी लावतो, फार तर आणखी दोन रविवार.

"बिजागरी तुमच्या कपाळाला लावा," मी म्हटलं. लग्न झाल्यापासून मी त्याला असं कधी बोलले नव्हते.

सकाळी धाकट्याला सासूच्या पुढ्यात ठेवलं, लाडवांचा डबा उचलला आणि एसटी स्टँडवर गेले. नरखेडची गाडी लागलेलीच होती. खिडकीजवळ बसले, पाठ टेकून, दोन्ही पाय समोर ठेवून. कंबर एकदाही दुखली नाही. ते समजलं तेव्हा मला गाडीत मोठ्यानं रडावंसं वाटलं.

फाट्यावर उतरून गावात चालत गेले. ओसरीत आई बसलेली होती, वाळून काडी झालेली. वहिनी पुढे होऊन म्हणाली, "आत्याबाई, ताई आल्या नागपूरहून."

आईनं मान वाकडी करून कानोसा घेतला. "काहून खोटं बोलतं वं? फटफटी तं वाजली नाही."

"आई, मी एसटीनं आले," मी तिचे हात धरले. तिनं माझं तोंड चाचपलं, जुन्या सवयीनं, पण हात थांबले नाहीत कुठंच. "कोणाची वं तू?" तिनं विचारलं. मी माझं नाव सांगितलं. ती हसली. "ते तं माह्या पोरीचं नाव आहे. तिचा नवरा तिले फटफटीवर आणते. एसटीनं कायले येईन ते?"

मी लाडू कुस्करून तिला भरवला. परक्या बाईच्या हातून खावं तसा तिनं तो संकोचत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली आणि विहिरीजवळच्या वळणावरून आवाज आला. आमच्याच गाडीचा. नवरा मला न्यायला आला होता, बायको एसटीनं गेली ही लाज झाकायला. माझा हात आईच्या हातात होता. तो तिनं झटकन सोडला आणि ती अर्धी उठली. तोंडावर असा उजेड आला की मला पाहवेना.

"आली वं माही पोरगी!" ती ओरडली. "चहा मांडा!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तू जाय, तिले हात धरून आत आण. तेल गरम करा. कंबर दुखत असन तिची."

मी उठून बाहेर गेले. नवरा गाडी उभी करत होता. मागे ती थोरली सीट, रिकामी, धुळीनं भरलेली. डाव्या बाजूची गादी नव्हती, खालची पेटीही नव्हती, बोल्टांची भोकं तेवढी दिसत होती.

"पाह्य, काढून टाकली," तो म्हणाला. "आता बस आरामात."

आतून आई विचारत होती, "आणली का वं तिले?"