शेवटच्या ओळीतले नऊ दिवस

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वाकडंतिकडं, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. घरात कुणी नसताना लिहितेय... नाव छापू नका. भूतबाधा, झपाटणं असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणाच्या अंगात आलं की मला हसू यायचं.

ब्याण्णव साली मी परभणीजवळच्या एका बियाण्याच्या फार्मवर रोजंदारीला होते. ज्वारीचं बी निवडायचं काम. सलग आठ दिवस खाडा झाला की हजेरीपटावरून नाव कमी व्हायचं. म्हणून बायका एकमेकींच्या नावावर उभ्या राहायच्या. पगार नाववालीनं उचलायचा आणि राबलेल्या बाईच्या हातात ठेवायचा. साहेबांची याला बंदी होती.

माझ्या बाळंतपणात चुडाव्याची शांता नऊ दिवस माझ्या नावावर उभी राहिली. पगार मी उचलला, पण लेकरू आजारी पडलं आणि पैसे दवाखान्यात गेले. पुढं शांताचं स्वतःचं नाव पटावर लागलं. तिनं एकदाच विचारलं, "नऊ दिवसाचं ध्यानात हाय ना, बाई?" मी म्हटलं, "हाय की, पुढच्या पगाराला." त्याच महिन्यात ती तापानं गेली. तिच्या घरी मी पैसे पोचवलेच नाहीत.

तेव्हा ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला होता. मी ती खोली झाडायची. वाचता येतं म्हणून साहेब मला हजेरीपटावरून नाव आणि दिवस वाचायला सांगायचे. ते पडद्यावरच्या चौकोनी घरात आकडा भरत, मग एक बटण दाबत, की सगळ्यांचे पैसे आपोआप मांडले जात.

त्या महिन्यात माझे सव्वीस दिवस भरले होते. मी वाचले, साहेबांनी सव्वीसच लिहिले. बटण दाबलं... माझ्या नावापुढे सतरा! आणि शांताचं नाव पुसल्यावर रिकामी राहिलेली शेवटची ओळ होती ना, तिथं नऊ.

"असं होणारच नाही," साहेब म्हणाले. "दिवसाचा आकडा वाचायचा, रोजानं गुणायचा, पैसे शेजारच्या घरात लिहायचे – एवढंच ह्या बटणामागच्या मॅक्रोला सांगितलंय. दिवसाच्या घरात तो काही लिहीतच नाही."

त्यांनी सव्वीस पुन्हा भरले. पुन्हा सतरा आणि नऊ. मॅक्रो पुसून नव्यानं लिहिला. तरी तेच.

हजेरीवाले रशीदचाचा दारातून म्हणाले, "साब, मशीन कू नजर लगी. लिंबू बांधो."

"आधी तुमच्या हजेरीपटाला बांधा, चाचा," साहेब म्हणाले.

सगळे हसले. शांताच्या नऊ दिवसांचं मी बोलले तर काम जाणार. साहेबांनी माझा पगार हातानं मांडून सव्वीस दिवसांचाच दिला. तो घेताना मी मनाशी पक्कं केलं – शांताचे पैसे द्यायचेच. एकदम जमणार नाही, पण द्यायचे.

पहिल्या रविवारी पॅसेंजरनं चुडाव्याला गेले. तीन दिवसांची मजुरी शांताच्या आईपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल. तिनं खुंटीवरची सुतळी काढली.

"पोरीनं ह्या नऊ गाठी मारून ठिवल्या व्हत्या. कशाच्या, ते म्या इचारलंच न्हाई." तिनं तीन गाठी सोडल्या.

पुढच्या पगाराला मी सव्वीसच वाचले. पडद्यावर वीस आले आणि शेवटच्या ओळीत सहा.

साहेब म्हणाले, "बाई, हे सुधारायलंय वाटतं!"

मी पुढचं नाव वाचलं. नंतर लेकराचा खर्च, नवऱ्याचं काम सुटलेलं... मजुरीतून काढून पुन्हा तीन दिवसांचे दिले, तेव्हा शेवटच्या ओळीत तीन उरले. ते तीन कितीतरी महिने तसेच राहिले. साहेबांनी शहरातून एक माणूस आणून दाखवलं. त्यालाही काही सापडलं नाही. मॅक्रोनं ते आकडे कुठून वाचले, मला अजून कळलेलं नाही.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या आठवड्यात एसट्या बंद होत्या. पैसे मात्र जमले होते. थांबायचं नाही असं ठरवून मी पहाटेच स्टेशन गाठलं. शांताची आई अंगणात गोवऱ्या थापत होती. तिनं हात धुतले, नोटा दोनदा मोजल्या आणि खुंटीवरची सुतळी काढली. शेवटची गाठ फार घट्ट बसली होती. तिला सुटेना, तेव्हा तिनं सुतळी माझ्या हातात दिली.

"सोड तूच, माय. फिटलं समदं."