काकांची बॅटरी

डोळ्यांच्या दवाखान्यात किस्से साठतात त्याला कारण थेंब! थेंब घातले की डोळ्याची बाहुली मोठी व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर माणूस बाकावर बसून. वाचता येत नाही, समोरचा कोण ते धड दिसत नाही. मग तो बोलतो. शेजारी आपली विहीणच बसली आहे हेही न बघता बोलतो!

गोंदियाला स्टेशनजवळ काकांचा दवाखाना होता. काका म्हणजे वडिलांचे मित्र, डोळ्यांचे डॉक्टर. मी नागपूरहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि त्यांच्याकडे कामाला लागले. काम काय? नावं लिहायची आणि थेंब घालायचे. आतल्या अंधाऱ्या खोलीत काका ज्या उपकरणाने डोळ्याच्या मागचा पडदा बघत, त्याला मात्र हात लावायचा नाही. पेशंट त्याला 'बॅटरी' म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. ती बॅटरी हातात मिळे काकांच्या पुतण्याला, प्रभाकरला. मॅट्रिकला दोनदा आपटलेल्या प्रभाकरला! भिंग कसं चालतं हे मी त्याला फळ्यावर काढून शिकवलं असतं. नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा विचारलंच, "काका, मला का नाही?"

"अगं, पेशंटच्या गालाला गाल लागेल इतकं जवळ जावं लागतं. मुलीच्या जातीला बरं दिसत नाही."

"मग बायकांचे डोळे मी बघते."

"ते बघायला मी आहे ना!"

म्हणजे काकांनी गाल लावलेला चालतो!

*

तिरोड्याकडचे एक पाटील. मधुमेह जुना, पडद्यावर रक्ताचे ठिपके. काकांनी बजावलं, "याला डोळ्यात घालायचं औषध नाही. गोड बंद, हाच इलाज. नाहीतर नजर जाईल."

पुढच्या खेपेला ठिपके वाढलेले. काका चिडले. पाटील त्यांच्याहून चिडले.

"साखरेले शिवलो असन तं शपथ!"

बाहेरून पाटलीणबाईंचा आवाज आला, "अन् गूळ?"

"गूळ तं घरच्या उसाचा हाय ना! तो कायले बाधन?"

*

नवेगाव बांधच्या तळ्यात मासे धरणारा एक ढिवर आला. एका डोळ्यापुढे आधी माशा उडाल्या म्हणे, मग विजा चमकल्या, आणि आता तळ्याचं काळं पाणी वर चढून राहिलं आहे. त्याचा पडदा सुटला होता. अशाला नागपूरला नेऊन शस्त्रक्रिया करतात. गाडी मिळेपर्यंत दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून, डोकं न हलवता पडून राहायचं. त्याला मागच्या खोलीत ठेवला. बायको गिरजा उशाशी. मी पाणी पाजायला गेले तर तिने पेलाच हिसकावला.

"मी आहो ना जी! तुमी कायले?"

डोळा वाचला. परतताना दोघं दाखवायला आली. सगळे खूश. शेवटी गिरजा हळूच काकांना म्हणाली, "डॉक्टरजी, ते पट्टी मले देऊन द्या. बाजाराच्या दिवशी बांधत जाईन!"

मला ती बाई फार आवडली. जळावं तर असं, उघड!

*

आत्याने माझ्यासाठी स्थळ आणलं. धानाची मोठी शेती, एकुलता एक मुलगा. मंडळी दुपारी आली आणि दिवे लागायच्या आधीच उठायची घाई करू लागली. जेवून जा म्हटलं तर मुलाची आई म्हणाली, "आमच्यात तिन्हीसांजेनंतर परक्याच्या घरी थांबत नाहीत."

आत्या विरघळली. "बघ, काय वळण आहे!"

तेवढ्यात ते वळण माजघरातल्या अंधारात पाण्याच्या घंगाळावर धडकलं.

मी विचारलं, "रातांधळेपण आहे का हो? काहींना माशाच्या तेलाने बरं होतं. पिढीजात असेल तर मात्र पडदाच वाळत जातो. बॅटरीने बघावं लागेल."

पाहुणे चहा टाकून गेले. आत्या कडाडली, "मुलीने मुलाचे डोळे तपासायचे होय?"

"मग? त्यांनी माझे दात मोजले ते!"

पुढे तो मुलगा खरंच दवाखान्यात आला. त्याचा पडदा कोणी बघितला? प्रभाकरने. मी थेंब घातले!

*

आमगावकडचे एक मास्तर चष्मा बदलायला आले. तक्रार चष्म्याची कमी, पोरांचीच जास्त. "अलीकडे एकही पोरगं सरळ रेघ काढत नाही. छड्या मारून हात दुखला माझा."

काकांनी त्यांचा एक डोळा झाकला आणि खिडकीच्या गजांकडे बघायला सांगितलं.

"मधला गज वाकलाय तुमचा," मास्तर म्हणाले.

गज सरळ होता. काका हळू आवाजात म्हणाले, "पडद्याच्या मधोमध बिघाड झाला की सरळ ते वाकडं दिसतं. पुढे कडेचं दिसत राहतं, मधलं जातं. याला आपल्याकडे इलाज नाही, मास्तर."

मास्तर उठले. परत बसले.

"मग मी पोरांना कशासाठी मारलं?"

*

त्यानंतरच्या वर्षी काकांनी नवीनच सुरू केलं. प्रत्येक पेशंटला आधी प्रभाकरने बघायचं.

"काय दिसतंय?"

"लाल."

"अजून?"

"अजून लाल!"

तरी काका खोदून खोदून विचारत. ठिपके आहेत का, कुठे आहेत, शिरा कशा आहेत. आणि मी बाहेर थेंबांची बाटली धरून जळत उभी. शिकवतायत त्याला! त्या गाढवाला!

त्याच सुमारास अंधाऱ्या खोलीच्या दाराला नवी चौकट बसवली. रामलाल सुताराचं काम म्हणजे चोख. काका म्हणाले, "वाकडी आहे. काढ."

त्याने काढून परत बसवली. काका म्हणाले, "अजून वाकडी!"

"साब, सीधी है."

"मला शिकवतोस?"

रामलालने पिशवीतून ओळंबा काढला आणि चौकटीशेजारी दोरी सोडली. लोखंडाचा गोळा डुलून डुलून थांबला. "अब देखो."

काका मान तिरकी करून बघत राहिले. मग ओरडले, "तुझा ओळंबाच वाकडा आहे!"

बाकावरची माणसं खो-खो हसली. रामलालही हसला. "साब, धागा कभी टेढ़ा लटकता है क्या?"

काका हसले नाहीत. पुढे होऊन त्यांनी ती दोरी वरून खालपर्यंत बोटांनी चाचपली. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. आत जाऊन पेशंटच्या स्टुलावर बसले.

प्रभाकरने बॅटरी उचलली.

"तू नको," काका म्हणाले. "तू मला बरं वाटेल ते सांगशील. तिला दे. ती तोंडावर बोलते."

थेंब मीच घातले. बाहुली मोठी होईपर्यंत तिघंही बसून होतो. त्या दवाखान्यात थेंब घालून कोणी इतकं गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

मग मी बॅटरी डोळ्याला लावली आणि वाकले. काकांच्या गालाला गाल लागला.

"काय दिसतंय?"

मी पुष्कळ वेळ बघितलं.

"बोल ना."

"चौकट सरळ आहे, काका."