नानांसाठी दुपारची खोली

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी पारोळ्यात शाळेत शिकवायचे आणि माझे वडील, नाना, माझ्यापाशी राहायचे. आई गेल्यावर ते विसरू लागले. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग मी कोण ते.

एका दुपारी शेजारणीचा निरोप आला, नाना घरात नाहीत, शेताच्या वाटेला दिसले. मी धावत शेताकडे गेले. नाना बिनकठड्याच्या विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसले होते. हाक मारावी तर दचकून तोल जाईल, म्हणून मी चपला काढून ठेवल्या. मी हळूहळू जवळ गेले. त्यांनी मान वळवली.

“अक्का, बैल कोठे ग्यात?”

मी त्यांना त्यांची कधीच वारलेली थोरली बहीण वाटले होते.

“घर शेतस. चाल,” बैल घरीच आहेत असं सांगत मी त्यांचा दंड धरला. काठापासून दूर आल्यावरच तो सोडला.

धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूचा आजार आहे, वाढत जाणार. एकटं ठेवू नका. नोकरी तर सोडता येत नव्हती. बाहेरून कडी लावावी, तर घरात स्टोव्ह. फळ्यावर लिहिताना माझा हात मध्येच थांबायचा.

मागच्या गल्लीतल्या एका काकूंच्या सासूबाईंचंही असंच चाललं होतं. आम्ही दोघी नगरपालिकेत गेलो. बालवाडीची खोली दुपारी रिकामी असते ती द्या आणि सांभाळायला एक बाई पगारी नेमा, एवढंच मागितलं. अध्यक्ष म्हणाले, हे ज्याचं त्यानं घरी बघायचं.

“आज तुमचे नाना. उद्या गावातले सगळे म्हातारे आणून बसवाल.”

“हो,” मी म्हटलं. “त्यासाठीच आलोय.”

बरेच हेलपाटे घातल्यावर ठराव झाला, तोही वर्षापुरता. पहिल्या दिवशी नाना माझा पदर सोडेनात. शाळा सुटताच मी धापा टाकत परतले, तर ते इतरांबरोबर शेंगा सोलत होते. मला पाहून ते सांभाळणाऱ्या बाईंच्या मागे लपले. मीही शेजारी बसून शेंगा सोलू लागले. अंधार पडायला लागला तेव्हा कुठे ते माझ्यासोबत उठले.

म्हातारी माणसं वाढली, तशी पुढच्या वर्षी गावाच्या दुसऱ्या टोकालाही खोली मिळाली. पण दरवर्षी ठराव नव्यानं सभेपुढे यायचा आणि आम्ही दोघी मागच्या बाकावर जाऊन बसायचो. तिसऱ्या सभेआधीच नाना गेले. तरी काकू आणि मी जाऊन मागच्या बाकावर बसलो, ठराव मंजूर होईपर्यंत एकमेकींचा हात धरून.