बिनटोपीचे काडतूस

त्या काडतुसाचे बूड माझ्या अंगठ्याला अजून आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कोणी म्हणाले की साहेब, एखादी केस सांगा, तर माझ्या तोंडून आधी हीच निघते. तपास मी केला होता आणि चांगला केला होता. हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. पोलिसांची कार्यालये भाड्याच्या घरांत, टेबलखुर्च्या उसन्या आणि माणसे कुठून कुठून बदलून आलेली. मी नांदेडहून आलो आणि मुरूडकडच्या एका ठाण्यात फौजदार म्हणून बसलो. पावसाने पाठ फिरवली होती. येणाऱ्या तक्रारींत निम्म्या पाण्याच्या असत. घागरीवरून डोके फुटले, टँकरची नळी कापली, असल्या. ठाण्याचा रांजण भरणारा शिपाई स्वतःला जमादारापेक्षा मोठा समजे, आणि आम्हीही त्याला तसेच वागवत असू.

नांदेडची एक गोष्ट आधी सांगायला हवी. तिथे मी पोलिसांच्या नेमबाजी संघात होतो. लांबच्या नेमाला बाजारची काडतुसे पुरत नाहीत, कारण ती एकसारखी नसतात. आमच्या क्लबकडे काडतुसे भरण्याचा परवाना होता, आणि शस्त्रागारातल्या एका जुन्या हवालदाराने मला ती हाताने भरायला शिकवले. झाडलेले पितळी कवच उचलायचे. त्याच्या बुडात एक छोटी टोपी घट्ट बसलेली असते, तिच्यावर मार बसला की बार उडतो. ती फुटकी टोपी काढून टाकायची, कवच धुवायचे, वाळवायचे आणि मग नव्याने भरायचे. दारू तोलायला आमच्याकडे सराफ्यातून आणलेला सोनाराचा काटा होता. दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि गोळ्या कागदावर कुठे पडतात ते पाहायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की सुधारणा कशाने झाली ते कळत नाही. कित्येक रविवार त्यात गेले, पण शेवटी माझ्या पाचही गोळ्यांची भोके एका रुपयाखाली झाकली जाऊ लागली. बायको म्हणे, एवढे लक्ष संसारात घातले असते तर माडी झाली असती.

तर त्या दुष्काळात, एका संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास, हद्दीतल्या एका गावात शेतकऱ्यावर त्याच्याच विहिरीजवळ गोळी झाडली गेली. नावे सांगायची नाहीत, म्हणून त्यांना थोरले म्हणू. गोळी खांद्याच्या मांसातून आरपार गेली, जीव वाचला. त्यांना सोलापूरला हलवले. गावात पाणी धरून राहिलेली ती एकच विहीर. सरकारने ती टंचाईसाठी ताब्यात घेतली होती आणि थोरल्यांनी बौद्धवस्तीलाही तिथे पाणी भरू दिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्यांचे चुलतभाऊ ठाण्यात आले. विहिरीत त्यांचाही हिस्सा होता. हे आपले धाकटे. त्यांनी रुमालातून एक पितळी कवच काढून टेबलावर ठेवले.

"बाराचा आवाज आला तसा माळावर पळालो साहेब. माणूस काई दिसला न्हाई, हे घावलं. असली बंदूक गावात एकाकडंच हाय."

ते एक म्हणजे वस्तीतले निवृत्त सुभेदार. फौजेत नेमबाजीची पदके मिळवलेला माणूस. चारच दिवसांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून त्यांचे आणि थोरल्यांचे विहिरीवर मोठ्याने वाजले होते, ते साऱ्या गावाने ऐकले होते.

मी झडतीला गेलो. आतल्या खोलीत टेबलावर छोटा तराजू, काडतुसे भरायचे हाताचे यंत्र, पेटीत ओळीने लावलेली कवचे. परवाना चोख, काडतुसे भरायची परवानगीही चोख. ते टेबल पाहून मला माझे नांदेडचे रविवार आठवले, पण झडतीला आलेल्या फौजदाराने असे आनंदून जायचे नसते. रायफल स्वच्छ, तेल दिलेली. त्यावरून काही ठरत नव्हते, असा माणूस रायफल रोजच पुसतो. मी कवच पुढे केले. सुभेदारांनी ते एकदाच पाहिले.

"माझंच हाय. मानेजवळची ही खूण मी करतो. पण साहेब, मी झाडलेलं कवच उचलल्याबिगर जागचा हलत न्हाई. माळावर टाकून येईन व्हय?"

माणूस खरे बोलला आणि स्वतःच गोत्यात आला. मी रायफल जप्त केली आणि त्यांना ठाण्यात आणले. तोवर थोरल्यांच्या घरच्यांनी वस्तीला विहीर बंद केली होती. दुपारी ठाण्यासमोर एका बाजूला रिकाम्या घागरी घेऊन वस्तीच्या बाया आणि दुसऱ्या बाजूला अटकेसाठी ओरडणारा जमाव. वरून हुकूम आला की उद्या आरोपीला कोर्टात उभे करा. सुभेदार गुन्हेगार ठरले असते तर त्यांची आयुष्यभराची अब्रू जाणार होती आणि वस्तीचे पाणी कायमचे तुटणार होते. कोणी मला ते बोलून दाखवले नाही, पण त्या घागरी खिडकीतून दिसत होत्या.

मुद्देमाल सील करायला जमादार लाख तापवत होता. कवच माझ्या हातात होते. काडतुसे भरणाऱ्याची एक खोड असते, कवच हाती आले की अंगठा आपोआप बुडाकडे जातो. माझा गेला, आणि टोपीच्या जागी खळगा लागला. त्यात माती दाबून बसली होती. मी ती नखाने उकरली आणि कवच खिडकीकडे धरले. बुडातून उजेडाचा ठिपका दिसला.

टोपी नव्हती. म्हणजे हे कवच आदल्या दिवशी झाडलेच गेले नव्हते. ते केव्हाच धुऊन, टोपी काढून, पुन्हा भरण्यासाठी ठेवलेले होते. जमादाराला मी म्हणालो, "लाख राहू द्या थोडी."

सुभेदारांच्या बायको त्यांचा डबा घेऊन बाहेर बसल्या होत्या. त्यांना आत बोलावले.

"ताई, ही पितळं धुतल्यावर वाळवता कुठं?"

"सुपात. वसरीला ऊन येतं तितं ठिवतो."

"या आठवड्यात ती वाळत असताना घरी कोण आलं होतं?"

त्या विचारात पडल्या. "धाकटे आलते. आमच्यात कवा येत न्हाईत, म्हणून धेनात ऱ्हायलं. पाळीचं बोलायचं म्हणले. सुपाजवळच बसले. मी चहा टाकला तर म्हणले, उपास हाय." मग त्यांची नजर माझ्या हातातल्या कवचाकडे गेली आणि सगळे त्यांच्या ध्यानात आले. अगदी शांतपणे म्हणाल्या, "आमचा चहा चालंना त्यान्ला. पितळ बरं चाललं."

मी धाकट्यांना साक्षीदार म्हणून बोलावले, खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी तो फुंकर मारून आवडीने घेतला. त्या दिवशी उपास नसावा. माझे एक मत आहे, धमकावलेला माणूस तोंड मिटतो आणि मान दिलेला माणूस बोलत सुटतो.

"तुम्ही उचललं तेव्हा काडतूस कसं होतं?"

"गरम व्हतं की साहेब. दारूचा वास येत व्हता."

"नीट आठवतंय?"

"व्हय. हाताला चटका बसला."

मी कवच उलटे करून त्यांच्यापुढे धरले. "मग याची टोपी कुठं गेली?"

धाकटे हसले. एवढेही फौजदाराला कळत नाही, असे ते हसणे होते. "टोपी ऱ्हाती व्हय साहेब? बार झाला की उडून जाती."

जमादार जागच्या जागी थांबला. ठाण्यात त्याला आणि मला दोघांनाच कळले की केस सुटली. रायफलच्या काडतुसाची टोपी बार झाल्यावरही बुडातच राहते. उडून पडते ती ठासणीच्या बंदुकीची, कारण ती वरून नुसती अडकवलेली असते. रानडुकरे हाकायला जी जुनी बंदूक वापरतात, ती. धाकट्यांनी आयुष्यात तेवढीच एक बंदूक हाताळली होती, म्हणून टोपी नसलेले कवच त्यांना खटकलेच नाही.

मी आवाज न चढवता विचारले, "ठासणीची बंदूक कुठं ठेवलीय?"

त्यांनी कपबशी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "कोरड्या बोअरात." पंचांसमोर आम्ही बोअरच्या पाइपातून दोरीने बांधलेली बिनपरवान्याची बंदूक ओढून काढली. थोरल्यांनी वस्तीला पाणी दिले हे धाकट्यांना सहन झाले नव्हते. थोरला जायचा, सुभेदार आत जायचे आणि विहीर आपल्याला मोकळी, असा हिशेब त्यांनी केला होता. पुढे कोर्टात गुन्हा शाबीत झाला.

मी सुभेदारांना सोडले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "रायफल कवा मिळंल?" मी रायफल दिली आणि त्यांच्या नीटनेटक्या मांडलेल्या टेबलाचे कौतुकही केले. ते म्हणाले, "तुमी पण भरता व्हय? तरीच."

त्या 'तरीच'चा मला आजही अभिमान आहे. केस आयती हातात आली होती. कवच होते, भांडण होते, साक्षीदार होता, वरून हुकूमही होता. मी फक्त ती वस्तू उलटी करून पाहिली. पुढच्या सगळ्या नोकरीत, कोणी पुरावा रुमालात गुंडाळून आणून दिला की मी आधी त्याचे बूड पाहत आलो आणि हाताखालच्यांनाही तेच शिकवले.

काही दिवसांनी मी त्या गावी बंदोबस्त उठवायला गेलो. वस्तीच्या बाया विहिरीवर पाणी शेंदत होत्या. सुभेदारांच्या वसरीवर, जिथे सूप असायचे तिथे, हात गळ्यात बांधलेले थोरले बसले होते. ताईंनी चहा आणून ठेवला आणि त्या दाराशी उभ्या राहिल्या. रस्त्यावरून जाणारे-येणारे थबकून पाहत होते. थोरल्यांनी डाव्या हाताने कप उचलला, सगळ्यांच्या देखत चहा संपवला आणि म्हणाले, "वैनी, साखर हाय का अजून थोडी? अर्धा कप घेईन म्हणतो."