दोघींची हजेरी

आमच्या तांड्यावरून दिग्रसच्या शाळेत दहावीला आम्ही दोघीच जायचो, मी आणि माझी मैत्रीण. गणितात ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. फळ्यावर सरांचं चुकलं की ही उभी, "सर, वजाचं चिन्ह राह्यलं." सर चिडायचे आणि मनातून खूश व्हायचे.

या सरांची एक खोड होती. पोरगी दोन दिवस दिसली नाही की तिसऱ्या दिवशी त्यांची फटफटी तांड्यावर. दारातूनच ओरडायचे, "पोरगी काहून नाही आली?" अख्खा तांडा गोळा व्हायचा. आई शरमून दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पाठवायची. आम्हाला असा राग यायचा! म्हातारा सुखानं घरी बसू देत नाही, म्हणायचो.

मग लॉकडाऊन लागलं आणि शाळा फोनमध्ये गेली. फोन एकच, माझ्या भावाचा, आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. तास सुरू झाला की चॅटमध्ये हजेरी नंबर टाकायचा. माझा अठ्ठावीस, तिचा एकतीस. एका फोनवरून दोन नंबर सरांना चालायचे. ज्याचा नंबर येत नसे, त्याच्या घरी ते तोंडाला रुमाल बांधून तेव्हाही जायचेच.

महिनाभर दोघी बसलो. आवाज तुटायचा, फळा अर्धवट दिसायचा. "वजा राह्यलं" म्हणून ती तीनदा ओरडली, सरांपर्यंत काही पोचलं नाही. एके दिवशी उठलीच. "मले काहीच समजून नाही राह्यलं. डोकं बधिर झालं माह्यं. तूच बस." दुसऱ्या दिवसापासून ती आईसोबत लोकांच्या वावरात निंदायला जाऊ लागली.

मी काय केलं? अठ्ठावीस टाकला, एकतीसही टाकला. येईल चार दिवसांनी, तिची हजेरी कशाला बुडवायची! चाराचे चाळीस दिवस झाले. शिकत तर मीही नव्हते. दोन नंबर टाकायचे, फोन दगडावर पालथा ठेवायचा आणि टाकीतून गळणारं पाणी बघत बसायचं. पुढं तिचं लग्न ठरलं. आता थांबवलं तर आधीचं उघडं पडेल, या भीतीनं टाकतच राहिले. तिच्या हळदीच्या दिवशी तास होता. दोन्ही नंबर टाकून मी हळदीला गेले. शाबास माझी!

शाळा उघडली. सरांनी एकतीस पुकारला. पुन्हा पुकारला. "ऑनलाइनले एक दिवस नाही चुकली ही. आता कुठं गेली?" तास संपल्यावर मी रडत सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसते बाकावर बसून राहिले.

परवा ती दिग्रसच्या स्टँडवर भेटली. कडेवर लेकरू. ती नवऱ्यासोबत उसतोडीला निघाली होती, मी कॉलेजला यवतमाळला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाली, "लग्न ठरलं ना, तवा मी रोज वाट पाह्यली. म्हटलं, सर येतीन, दारात ओरडतीन, मंग माहा बापू ऐकन. काहून नाही आले गं सर?"

मी म्हणाले, "लॉकडाऊन होतं ना. कोणीच कुठं जात नव्हतं."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं.