काकूनं ओळखलेला खोडा

मोठी काकू परवा गेली आणि आमच्या खानदानाला ती एकदम आठवली.

घरात जिचं नाव काढायची चोरी होती, तिच्या फोटोखाली आता "आमच्या घराण्याचा आधारवड" असं लिहून राहिलेत. शरम नावाची वस्तू आमच्याकडे कधी नव्हतीच म्हणा.

घरच्या पोरांना लिहिता येत नाही, म्हणून भाच्याचा, माझ्या भावाच्या मुलाचा, मला फोन. "आत्या, तू छान लिहितेस. एक पोस्ट टाक ना. फक्त ते जुनं काही काढू नको."

बरं बाबा. जुनंच काढते.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. पंचायत समिती हा शब्दसुद्धा कोरा होता. नांदुऱ्याकडच्या आमच्या गावात शेतकी प्रदर्शन भरलं. त्यात एक स्पर्धा होती: जुनी अवजारं ओळखा. ओळखणाऱ्याला टॉवेल-टोपी.

माझे आजोबा गावचे मोठे जमीनदार, म्हणून तेच अध्यक्ष. त्यांनी गोठ्याच्या माळ्यावरून एक वस्तू काढायला लावली. बाभळीचा जाड ओंडका, लांबीत चिरलेला, दोन गोल भोकं आणि टोकाला कुलपाची कडी.

मोठी काकू म्हणजे त्यांची थोरली सून. ती दाराआडून म्हणाली, "मामाजी, हे नका पाठवू."

"काऊन?"

"तुमाले मालूम हाय काऊन."

"तू चूप राह्य. तिथं तोंड उघडलं, तर खामगावची मोटार धर अन् माहेरी जाय. मंग या घरात पाय ठेवू नको."

मी मॅट्रिकला होते. माझ्यासमोर झालं हे.

प्रदर्शनात लोकांनी तिफणीचं चाडं ओळखलं, मोट ओळखली, कापूस पिंजायची धनुकली ओळखली, टोप्या घालून बसले.

ओंडक्यापाशी मात्र सगळे मुके. म्हातारी माणसं तर तिकडे बघेनात.

तालुक्याहून आलेले साहेब म्हणाले, "वासराचा पाय अडकवायचं साधन असावं."

झाल्या टाळ्या! अरे, वासराच्या पायाला एवढं मोठं भोक? पण साहेब बोलले ना, मग संपलं. अकलेचे कांदे एकेक.

आजोबा खुशीत आले. समोर आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, श्रावण बसला होता.

"काऊन बे श्रावण, तू तरी ओळख!"

आणि हसले. ते हसले म्हणून अख्खा मंडप हसला.

श्रावण उभा राहिला. मान खाली. "नाही मालूम, मालक."

मागे बायकांमध्ये बसलेली काकू उठली.

"तो खोडा हाय. आमच्या घरी माणसाचे पाय याच्यात घालून कुलूप लावत. माह्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी या श्रावणले दिवसभर उन्हात ठेवलं होतं. काऊन, तर धोतरात कापूस सापडला. मी खिडकीतून पाह्यलं. पाणी न्यायले निघाली, तर मले नेऊ देलं नाही."



आजोबा महा बिलंदर. त्यांनी काकूकडे पाहिलंच नाही, श्रावणलाच विचारलं. "सांग बे. खरं हाय का हे?"

काकू त्याच्याकडे बघत राहिली. तिचं सगळं आता त्याच्या एका शब्दावर होतं.

"नाही, मालक. बाईसाहेबाचा काही गैरसमज झाला."

श्रावणला कोणी नाव ठेवू नका. त्याची झोपडी आमच्या जागेत, त्याची लेकरं आमच्या ज्वारीवर.

नाव ठेवायचंच तर माझ्या काकांना ठेवा. पहिल्या रांगेत बसून पान लावत होते. बायकोकडे मान वळवून पाहिलं नाही त्या माणसानं. नंतर गावभर सांगत फिरले, "तिच्या डोक्यावर परिणाम झाला." असला नवरा! थू.

काकूनं त्याच दिवशी मोटार धरली.

पुढं खामगावला मुलींच्या शाळेत शिकवलं, एकटी राहिली. काका एकदा न्यायला गेले, तेही अट घेऊन: चारचौघांत म्हण की माझी चूक झाली.

"चहा घ्या अन् जा," म्हणाली.

गावात तिचं नाव पडलं "येडी सून". मी भेटायला जायची, तेव्हा एकदाच तिच्या तोंडून निघालं, "लोकाइचं काही नाही वं. पण श्रावणनं हो म्हणायले पाह्यजे होतं. एकदा तरी."

आणि खोड्याचं काय झालं?

आमच्या दिवट्या भाच्यानं शेगाव रोडवर हॉटेल काढलंय, "हेरिटेज" वगैरे. खोडा पॉलिश करून भिंतीवर लावलाय. भोकांमध्ये सरबताच्या बाटल्या. वर लाइट. फोटो टाकून विचारतो, "गेस करा, हे काय आहे?"

कमेंटमध्ये कोणी म्हणतं केकचा स्टँड, कोणी म्हणतं बुटांचा. मग हा शहाणा उत्तर देतो, "पणजोबांच्या काळातलं वासराचं अवजार." खाली दिल, टाळ्या, सगळं.

परवा हेच लोक गाड्या भरभरून खामगावला आले. खांदा कोणी द्यायचा यावरून भांडले. फोटो काढले.

तेवढ्यात एक बाई आली. साठी उलटलेली, हातात पिशवी, बसनं आलेली.

भाच्यानं विचारलं, "आपण कोण?"

"श्रावणची पोरगी."

तिनं काकूच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठली आणि आम्हा सगळ्यांकडे बघून बोलली.

"माहा बाप मरतानी सांगून गेला. बाई खरं बोलली होती, तिले जाऊन सांगजो, म्हणे. मले तुमच्या लोकाइचं भेव वाटे. म्हणून उशीर झाला."

 भाचा मोबाइल चाळायला लागला.

मी खाली वाकले आणि काकूच्या कानात मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"काकू, श्रावण हो म्हणाला वं."

जा आता, काकू. माझा नमस्कार घे. भावपूर्ण श्रद्धांजली बाकीच्यांकडून घे, त्यांनी बॅनरवर छापून आणली आहे.